यंत्र कुणासाठी थांबतं?

वाचकांचे प्रश्न : ध्वनी, वाद्यं आणि स्टेज

प्रश्न : मी पंचवटीत राहतो, चाळीस वर्षं तबला शिकवतो. गेल्या महिन्यात नात हट्टाने मला इलेक्ट्रॉनिक संगीताच्या एका कार्यक्रमाला घेऊन गेली. शहराबाहेरच्या एका लॉनवर कार्यक्रम होता, दोघांच्या तिकिटांचे चार हजार गेले. स्टेजवर एकच तरुण, पुढ्यात टेबल, त्यावर लॅपटॉप आणि दिवे लुकलुकणाऱ्या तीन-चार पेट्या. दीड तास तो बटणं फिरवत होता आणि मध्येच दोन्ही हात वर करून नाचत होता. हात वर असतानाही संगीत चालूच! आवाज कधी पाण्याखाली गेल्यासारखा घुसमटायचा, मग एकदम उघडायचा, आणि पोरं ओरडायची. पोस्टरवर ‘लाइव्ह’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. नात म्हणते, आजोबा, तुम्हाला त्यातलं कळत नाही. मला खरोखरच कळून घ्यायचं आहे. तो नेमकं काय वाजवत होता? की काहीच वाजवत नव्हता?
— एक तबला शिक्षक, पंचवटी

उत्तर : गुरुजी, तुम्ही फार बारकाईने पाहिलं आहे, म्हणून तुमच्याच निरीक्षणांपासून सुरुवात करतो.

आवाज घुसमटायचा आणि उघडायचा, ते बहुधा तो खरंच हाताने करत होता. त्याला फिल्टर म्हणतात. एक गोल बटण डावीकडे नेलं की वरचे चिरके आवाज कापले जातात आणि खालचा गदगदाट तेवढा उरतो, रेडिओवर उशी दाबून धरावी तसा. मग बटण हळूहळू उजवीकडे येतं. तेवढ्या वेळात एखादा आवाज खालून चढत जातो, ठोका दुप्पट होतो, चौपट होतो, आणि क्षणभर सगळं गप्प. चार-चार मात्रांची आठ किंवा सोळा आवर्तनं ही बांधणी चालते. तुमच्या भाषेत, तिहाई (तीनदा येऊन समेवर संपणारा तुकडा) लागलेली असते आणि सगळं मैदान समेची, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेची, वाट पाहत असतं. ती सम आली की पोरं ओरडतात. त्या जगात तिला ‘ड्रॉप’ म्हणतात. लोकांना किती ताटकळत ठेवायचं, हे त्या रात्री त्याच्या हातात असू शकतं.

पण ज्या आवाजावर हा फिल्टर फिरत होता, तो आवाज त्या रात्री जन्मलेला नव्हता. हात वर गेले तरी संगीत चालू राहिलं ते त्यामुळे. ठोका, खालच्या सुरांचा बेस, वरची धून हे सगळं त्याने किंवा आणखी कुणी काही महिन्यांपूर्वी एका खोलीत बसून बांधलेलं असतं. मोठ्या मैदानावरच्या अशा कार्यक्रमात कानावर पडणारा बहुतेक ध्वनी आधीच तयार असतो, हे मी इतकी वर्षं कन्सोलमागे, म्हणजे आवाज जुळवायच्या टेबलामागे, उभं राहून पाहिलेलं आहे. स्टेजवर होते ती निवड, जोडणी आणि त्या ध्वनीला दिलेला आकार.

आता तुम्हाला जरा खटकेल असं विचारतो. तुम्ही एकल तबला वाजवता तेव्हा संवादिनीवरचा लेहरा कसा फिरतो? सोळा मात्रांची एक ओळ, तासभर तीच. ती बदलत नाही, आणि न बदलणं हीच लेहरा धरणाऱ्याची कसोटी. इलेक्ट्रॉनिक संगीतात ज्याला लूप म्हणतात तो म्हणजे लेहराच. आणि कायदा, म्हणजे बोलांची बांधलेली रचना? तो तुम्हाला तुमच्या गुरूंनी दिला, त्यांना त्यांच्या गुरूंनी. पलटे (त्याच बोलांची उलटापालट) घरी घोटलेले, तिहाईची मात्रा न् मात्रा मोजलेली. बैठकीत तुम्ही ठरवता ते वेगळंच असतं. आज कुठला कायदा आधी घ्यायचा, कुठला पलटा गाळायचा, रेल्यावर, त्या जलद बोलांवर, कधी जायचं, पहिल्या रांगेतला जाणकार मान हलवतोय की चुळबुळ करतोय. म्हणजे आधीची तयारी हा दोष नव्हे. फरक असा की तुमचा प्रत्येक ‘धा’ त्या क्षणी तबल्याच्या पुडीतून, त्या चामड्यातून, निघतो आणि कालच्या ‘धा’सारखा तो असेलच असं नाही. हा फरक मोठा आहे आणि मी तो लहान करून सांगणार नाही.

मग लाइव्ह म्हणायचं कशाला? मला याचं उत्तर १९९४ साली पिंपळगाव बसवंतला मिळालं. मी तेव्हा ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचो. आम्ही नवा कीबोर्ड घेतला होता, त्याला फ्लॉपी, म्हणजे माहिती साठवायची छोटी चकती, लागायची. घरी बसून गाण्याचा बेस, ठेका, मधले म्युझिक पीस भरून ठेवायचे आणि कार्यक्रमात फ्लॉपी घालून बटण दाबायचं. त्या रात्री आमचा बेस गिटारवाला नव्हता. मशीन असताना त्याचं पाकीट कशाला काढायचं, असा हिशेब आम्ही केला होता, आणि तो हिशेब करणाऱ्यांत मीही होतो. आमच्या गायिका वयाने मोठ्या, बारा-पंधरा वर्षं लावणी आणि भावगीतं गाणाऱ्या. दुसऱ्या अंतऱ्याच्या ओळीला टाळ्या पडल्या, वन्समोअर आला आणि त्या नेहमीप्रमाणे मागे वळल्या, तीच ओळ पुन्हा घ्यायला. इतकी वर्षं त्या वळल्या की ढोलकीवाला त्यांच्याबरोबर वळायचा. मशीन वळलं नाही. ते पुढच्या म्युझिक पीसवर निघून गेलं. बाईंनी दोन ओळी मशीनच्या अंगावरून गायल्या, मग माझ्याकडे पाहिलं. बटण बंद केलं तर बेस, ठेका सगळं एकदम जाणार, म्हणून मी ते बंदही करू शकत नव्हतो. कार्यक्रमानंतर त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की, आज मी गायले नाही, मी मागे धावले.

तेव्हापासून कुठल्याही स्टेजकडे पाहताना मी एकच गोष्ट बघतो. कोण कुणासाठी थांबतंय? वाद्य चामड्याचं आहे की सिलिकॉनचं, हा प्रश्न माझ्यासाठी दुसऱ्या नंबरवर गेला. माणूस वळला तर संगीत वळू शकतं का, समोरच्या लोकांमुळे आजचा कार्यक्रम कालच्यापेक्षा वेगळा होऊ शकतो का, आणि तसं करताना चुकण्याची जोखीम कुणी घेतो का? हे असेल तर मी त्याला लाइव्ह म्हणतो.

त्या फ्लॉपीत ध्वनी नव्हताच, हेही सांगायला हवं. त्यात मिडीच्या आज्ञा होत्या. मिडी ही वाद्यांनी एकमेकांशी बोलायची भाषा १९८३ साली आली. त्या वर्षी जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या वाद्यांच्या प्रदर्शनात एक अमेरिकी आणि एक जपानी सिंथेसायझर (विजेवर आवाज घडवणारं, पट्ट्यांचं वाद्य) एका वायरीने जोडून दाखवले. एकाची पट्टी दाबली की दुसरा वाजायचा. वायरीतून जातं ते एवढंच : कुठली पट्टी दाबली, १२७ पायऱ्यांतल्या कितव्या जोराने दाबली, कधी सोडली. म्हणजे ती बोल लिहिलेली वही आहे, तबला नव्हे. वही वाचणारं यंत्र म्हणजे सिक्वेन्सर. माझं यंत्र वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत सुटायचं, घोटाळा तिथे होता.

यंत्र चालू ठेवून माणसाने मोकळं वाजवणं शक्य आहे, हे आपल्याच माणसाने फार आधी दाखवलं होतं. चरणजित सिंग हे मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाजवणारे वादक. त्यांनी १९८२ साली तीन जपानी यंत्रं घेऊन दहा रागांची एक तबकडी केली. एका यंत्रावर ठेका, दुसऱ्यावर बेस आणि तिसऱ्यावर, म्हणजे सिंथेसायझरवर, हाताने राग. ते बेसचं यंत्र मुळात एकट्या गिटारवाल्याला साथ मिळावी म्हणून बनवलेलं होतं. तबकडी तेव्हा कुणी विचारली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा युरोपातल्या तरुणांनी ती डोक्यावर घेतली, कारण शिकागोच्या क्लबांत पुढे त्याच बेसच्या यंत्रातून जे संगीत निघालं, त्याची चाहूल तिच्यात होती. सत्तरी ओलांडलेल्या चरणजितजींना मग परदेशी स्टेजवर बोलावणी आली. २०१५ साली ते गेले. ती तबकडी नातीला जरूर ऐकवा आणि तुम्हीही ऐका. ठेका मशीनचा आहे, पण भैरव मशीनचा नाही, हे तुमच्या कानाला दोन मिनिटांत कळेल.

पुढे यंत्रालाच थांबायला शिकवलं गेलं. ऑर्बिटल नावाचे इंग्लंडचे दोन भाऊ आहेत, १९९४ च्या ग्लास्टनबरी महोत्सवातल्या त्यांच्या कार्यक्रमाचं नाव आजही निघतं. (मी पिंपळगावला बटणाकडे हताश पाहत होतो त्याच वर्षाचा हा कार्यक्रम.) त्यांच्याकडेही सिक्वेन्सर होते, पण त्यांनी गाणं तुकड्यांत ठेवलं होतं. एक तुकडा फिरत राहायचा, आणि लोक नाचताहेत असं दिसलं तर पुढचा तुकडा ते उशिरा आणायचे. बेस मध्येच काढून घ्यायचे, परत टाकायचे. २००१ साली बर्लिनहून एबलटन लाइव्ह नावाचं सॉफ्टवेअर आलं आणि हीच पद्धत लॅपटॉपमध्ये बसली. त्यात गाण्याकडे दोन प्रकारे पाहता येतं. एक आडवी रेघ, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, माझ्या फ्लॉपीसारखी. आणि दुसरी चौकटींची जाळी. प्रत्येक चौकटीत एक तुकडा. तो लेहऱ्यासारखा फिरत राहतो, जोवर तुम्ही दुसरी चौकट दाबत नाही. दाबताना जरा आधी दाबली तरी यंत्र पुढच्या समेपर्यंत थांबतं आणि बरोबर समेवर नवा तुकडा उचलतं. तुम्ही पाहिलेल्या लुकलुकत्या पेट्यांपैकी एक बहुधा या जाळीचीच असेल. त्या पद्धतीने वाजवणारा माणूस पिंपळगावच्या बाईंबरोबर वळू शकला असता.

आता याच्या अगदी दुसऱ्या टोकाला काय असतं, ते डेडमाउस या नावाने प्रसिद्ध असलेल्या कॅनडाच्या कलाकाराने २०१२ मध्ये स्वतःच लिहून टाकलं. मोठ्या स्टेजवरचे आम्ही सगळे शेवटी ‘प्ले’ दाबतो, खरं कसब स्टुडिओत लागतं, असा त्याच्या म्हणण्याचा अर्थ होता. त्यावर बराच गदारोळ झाला. पण त्याने कारणही दिलं होतं, आणि ते तांत्रिक आहे. प्रचंड पडद्यावरचं चित्र, शेकडो दिवे, धूर, आतषबाजी हे सगळं ठोक्यावर पडायचं असेल तर सगळ्यांना एकच घड्याळ लागतं. त्या घड्याळाला टाइमकोड म्हणतात. सेकंदाच्या तुकड्या-तुकड्याला आकडा असतो आणि त्या आकड्यावर दिवा लागतो. कलाकाराला वाटलं, आज ही ओळ अजून चार आवर्तनं फिरवू, तर चित्र पुढे जाईल आणि संगीत मागे राहील. म्हणून तो फिरवत नाही. भव्यता जितकी वाढते तितका माणसाचा हात बांधला जातो. मला याचं वाईट वाटतं. ज्या पैशांतून वादकाला मोकळीक मिळायला हवी, त्याच पैशांतून त्याच्याभोवती हे कुंपण घातलं जातं.

तरी उघडपणे केलेल्या गोष्टीला मी फसवणूक म्हणणार नाही. जर्मनीचा क्राफ्टवेर्क हा गट १९७० पासूनचा. त्यांच्या कार्यक्रमात चौघं एका रांगेत, जवळजवळ न हलता, आपापल्या टेबलामागे उभे असतात. आणि काही कार्यक्रमांत एका गाण्याला पडदा उघडतो तेव्हा ते चौघं स्टेजवर नसतातच, त्यांच्या जागी यंत्रमानव हात हलवत असतात. लोक त्यालाही टाळ्या वाजवतात, कारण समोर काय आहे हे प्रेक्षकाला दिसतंय. न वाजणाऱ्या कीबोर्डवर बोटं नाचवून वाजवतोय असं भासवणं मात्र मला सहन होत नाही. कन्सोलवर बसलेल्याला ते लगेच कळतं, त्या वायरीतून काही येतच नसतं.

तुम्ही पाहिलेला कार्यक्रम यांपैकी कुठला, हे पत्रावरून मी ठामपणे सांगणं बरोबर नाही. पण पुढच्या वेळी काय पाहायचं ते सांगतो. तो हात वर करतो त्याच्या आधीच्या दहा सेकंदांत काय करतो ते बघा. पुढचा तुकडा निवडतोय, कानाला हेडफोन लावून काही ऐकतोय, की नुसताच डोलतोय? लोक रंगले तर एखादा भाग लांबतो का? एखादा ठोका घसरतो आणि तो सावरतो, असं होतं का? (ढोल पथकात ताशाने इशारा दिला की पन्नास ढोल चाल बदलतात, तसा इशारा इथे कोण कुणाला देतोय, हे शोधा.) आणि पडद्यावरचं प्रत्येक चित्र, प्रत्येक ठिणगी दीड तास अचूक ठोक्यावर पडत असेल, तर सगळं घड्याळावर चाललेलं असण्याची शक्यता जास्त. तेव्हा तिथे प्रसंग पाहून काम करणारा माणूस कदाचित ध्वनीच्या कन्सोलमागेच असतो. मैदान भरलं, वारा फिरला की आवाज बदलतो, तो त्यालाच सावरावा लागतो.

एक गोष्ट नातीलाही सांगा. या क्षेत्रातले लोक स्वतःच ‘डीजे सेट’ आणि ‘लाइव्ह सेट’ असे दोन शब्द वेगळे वापरतात. डीजे सेट म्हणजे तयार ध्वनिमुद्रणं निवडून, एकमेकांत मिसळून वाजवणं. लाइव्ह सेट म्हणजे स्वतःच्या संगीताचे तुकडे, यंत्रं, सिंथेसायझर घेऊन तिथे ते घडवणं. दोन्हींत कसब आहे, दोन्ही वेगळी आहेत. (आपल्याकडे ‘डीजे’ म्हटलं की ट्रॅक्टरवर रचलेली स्पीकरची भिंत डोळ्यांपुढे येते, माणूस नाही, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो.) पोस्टरवर नुसतं ‘लाइव्ह’ छापून डीजे सेट दिला असेल तर तुम्ही आयोजकांना विचारायलाच हवं. चार हजार रुपये दिलेल्या माणसाला समोर काय होणार आहे हे आधी कळलं पाहिजे. पत्र लिहा, आणि त्यात तुम्ही चाळीस वर्षं तबला शिकवता हेही लिहा.

प्रश्न : मी गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात शिकतो. साठवलेल्या पैशांतून डीजे कंट्रोलर (गाणी मिसळायची, चाकं आणि बटणं असलेली पेटी) घेतला. मी ‘सिंक’ बटण वापरतो, त्याने दोन गाण्यांची लय आपोआप जुळते. सिनियर म्हणतात, ही चीटिंग आहे. खरंच आहे का?
— एक विद्यार्थी

उत्तर : नाही. पण सिनियर ज्या कारणाने चिडतात ते समजून घे.

आधी ही लय कानाने जुळवावी लागायची. या कामासाठी जगभर नावाजलेली जपानी टर्नटेबल, म्हणजे तबकडी फिरवणारी यंत्रं, १९७२ साली निघाली. नंतरच्या मॉडेलवर एक सरकपट्टी आली, तिने तबकडीचा वेग ८ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करता यायचा. एक गाणं लोक ऐकताहेत, दुसरं फक्त तुझ्या हेडफोनमध्ये. एका कानात हे, दुसऱ्यात ते. पट्टी जरा वर, बोटाने तबकडीला हलकासा धक्का, पुन्हा ऐक. हे जमायला महिने जायचे. ज्याने ते महिने घातले, त्याला तुझं एक बटण टोचणारच.

माझ्या मते सिंक म्हणजे गायकाच्या मागचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा. नाशिकमधल्या किती घरांत आज रियाजाला तानपुरा आणि तबला फोनवर लागतो! त्याने कुणी खोटा गायक होत नाही. पण तानपुरा जुळवायचे कष्ट वाचले तर ते कष्ट गळ्यावर खर्च झाले पाहिजेत. तुझी लय यंत्राने जुळवली, तर तुझं लक्ष कशावर गेलं? पुढचं गाणं कुठलं, ते कितव्या आवर्तनाला आणायचं, दोघांचे बेस एकमेकांवर आदळताहेत का, दोन गाण्यांचे सूर भांडताहेत का, समोर कोण नाचतंय आणि कोण पाणी प्यायला निघालंय? हे तू करत असशील तर तू वाजवतो आहेस. घरी तासाभराचं मिक्स रेकॉर्ड करून आणून त्याच्यापुढे नुसता डोलत असशील, तर तू वाजवत नाहीस, आणि ते सिंकशिवायही वाजवणं नव्हे.

तरीही कानाने जुळवायला शीक, आणि त्याचं कारण अगदी व्यवहाराचं आहे. तुला नाशिकमध्ये सुपाऱ्या मिळतील त्या लग्नातल्या हळदीच्या, संगीताच्या, मंडळाच्या. तिथे लोक जुनी कोळीगीतं मागतात, जुन्या चित्रपटांतली गाणी मागतात. ती गाणी समोरासमोर बसलेल्या वादकांनी, कानात घड्याळाची टिकटिक न घेता वाजवलेली आहेत. मुखड्याला मिनिटाला १०० ठोक्यांची असलेली लय अंतऱ्याला सहज १०२ वर जाते, कारण ढोलकीवाल्याला रंग चढतो. सिंक त्या गाण्यावर बहुधा सरळ मोजपट्टी ठेवतं आणि दीड मिनिटात दोन्ही गाणी एकमेकांच्या पायात येतात. तेव्हा बटण तुला वाचवणार नाही. बोटाने चाकाला धक्का देत, ऐकत, त्या ढोलकीवाल्याच्या मागे जावं लागेल.

रोज अर्धा तास, सिंक बंद, स्क्रीनवर कागद चिकटवून. तीन महिने कर आणि मला कळव.

प्रश्न : एका मोठ्या मैदानावरच्या कार्यक्रमात आम्ही अगदी मागे होतो. कलाकार इलेक्ट्रॉनिक पॅडवर काठी मारायचा ती आधी दिसायची आणि आवाज नंतर यायचा. मोठ्या पडद्यावर मात्र तो जवळजवळ बरोबर दिसायचा. तो नुसता अभिनय करत होता का?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : यावरून तसं म्हणता येणार नाही. त्या माणसावर हा आळ नको.

आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. तुम्ही स्टेजपासून १०० मीटरवर असाल तर आवाज तुमच्यापर्यंत यायला सेकंदाचा तिसरा हिस्सा नाही, पण त्याच्या जवळपास वेळ लागतो. मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं असेल तर दोन ठोक्यांमध्ये अर्धा सेकंद असतो. म्हणजे काठी पडलेली दिसली आणि आवाज आला, यात निम्म्याहून जास्त ठोका निघून गेलेला असतो. गोदाघाटावर पलीकडे कपडे आपटणाऱ्या बाईचा हात आधी वर जातो आणि आवाज मागून येतो, तसंच हे.

पडद्याचं कारण वेगळं. कॅमेऱ्यातून चित्र निघून पडद्यावर उजळेपर्यंत मधल्या यंत्रांत काही फ्रेम जातात. समजा तीन फ्रेम गेल्या आणि सेकंदाला २५ फ्रेम आहेत, तर चित्र १२० मिलिसेकंद उशिरा दिसतं. तेवढ्याच वेळात आवाज ४० मीटर जातो. म्हणजे स्टेजपासून चाळीस मीटरवर उभ्या माणसाला पडदा आणि आवाज अचूक जुळलेले दिसतात, त्याच्या पुढच्याला आवाज आधी आणि चित्र नंतर, मागच्याला उलट. मोठ्या मैदानात मध्येच उंच खांबांवर जे जास्तीचे स्पीकर असतात, त्यांना आम्ही मुद्दाम उशिरा आवाज सोडतो, स्टेजवरून निघालेला आवाज तिथवर पोचेपर्यंत. नाहीतर तुम्हाला प्रत्येक ठोका दोनदा ऐकू आला असता.

पॅडबद्दल एक पाहता येतं. पॅडला जोराचा अंदाज कळतो. हळू मारलं तर आवाज हळू आला पाहिजे. कलाकार हलक्या हाताने मारतोय आणि आवाज मात्र दर वेळी तेवढाच धाडकन येतोय, असं सतत होत असेल तर शंका घ्यायला जागा आहे. (काही जण पॅड मुद्दाम एकाच जोरावर लावून ठेवतात, तेही ध्यानात असू द्या.) मध्येच काठी हातातून निसटली आणि तो ठोका गाळला गेला, तर खात्री धरा की माणूस वाजवतोय.

पुढच्या वेळी मैदानात लवकर जा आणि ध्वनीचा कन्सोल जिथे मांडलेला असतो त्या कठड्याच्या बाजूला जागा धरा, स्टेजच्या समोर, साधारण मधोमध. आवाज तिथे बसून जुळवलेला असतो, त्यामुळे तिथे तो सगळ्यांत चांगला येतो, आणि कलाकाराचे हातही तिथून दिसतात.